'भेडिया नगर'मधला तिसरा लांडगा

पंचफुलाच्या नवऱ्याला इंदोऱ्यातली माणसं तीस वर्षं 'भेडिया' म्हणत आली. नाव बळीराम सुखदेवे, काम लकडगंजात सोफे शिवायचं. पण तरुणपणी मुंबईला जाऊन त्यानं एका हिंदी पिक्चरमध्ये लांडग्याचं काम केलं होतं, म्हणून भेडिया.

पिक्चरचं नाव होतं 'भेडिया नगर'. बंद पडलेल्या गिरणीतले चार कामगार पुनवेला लांडगे होतात आणि अर्धवट बांधलेल्या टॉवरच्या जिन्यांवरून मुंबईच्या रस्त्यांवर उतरतात, अशी त्याची गोष्ट. एक्क्याण्णव साली तो नागपुरात लागला, तीन दिवस चालला आणि गेला. लोक त्याला धड भ्यायले नाहीत, धड हसलेही नाहीत, त्यामुळे विसरायला कोणाला कष्ट पडले नाहीत.

पंचफुलानं तो पाहिला नव्हता. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, दीड वर्षाचा साहिल तापानं फणफणला होता, आणि आठ महिने मुंबईत राहून परत आलेल्या बळीरामनं सांगितलं होतं की त्यात पाहण्यासारखं काही नाही. शेजारची पोरं मात्र जाऊन आली. चारही लांडगे डोक्यापासून पायापर्यंत केसाळ, त्यातला आपला कोणता ते त्यांना कळलं नाही. त्यांनी विचारलं तर बळीराम नुसता हसला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. नाव तेवढं चिकटलं. पंचफुलाला वाटायचं, जनावराचं काम केलं याची त्याला लाज वाटत असेल. तिनं तो विषय कधी काढला नाही.

एकवीसच्या एप्रिलमध्ये कोरोनात बळीराम गेला. धंतोलीतल्या ज्या दवाखान्यात पंचफुला आया म्हणून काम करायची, तिथंच गेला. साहिल हैदराबादला नोकरीला. तो आईला चल म्हणाला, ती गेलीही, पण पंधरा दिवसांत परत आली. तिथं तिला करायला काही नव्हतं आणि बोलायला कोणी नव्हतं. इथंही बोलायला फारसं कोणी नव्हतं, पण निदान ड्यूटी होती. सकाळी सातला निघायचं, चारला यायचं. आल्यावर ती टीव्ही लावायची आणि आवाज बारीक करून ठेवायची, घरात कोणीतरी बोलत असावं एवढ्यापुरता. भाजी एकवेळचीच करायची म्हटलं तरी दोनवेळची व्हायची. नवऱ्यामागोमाग त्याचं ते टोपणनावही गल्लीतून गेलं. दारात उभं राहून 'भेडिया आहे काय घरी?' असं विचारणारं कोणी उरलं नाही.

तीन वर्षं अशी गेली. मग एका दुपारी तिला मयुरा नावाच्या मुलीचा फोन आला. मयुरा रामदासपेठेत राहायची, एका कॉलेजात शिकवायची, आणि तिला नि तिच्या तीन-चार मित्रांना जुने, कोणी न विचारलेले पिक्चर शोधायचा नाद होता. 'भेडिया नगर'ची एक प्रिंट त्यांना अमरावतीच्या एका बंद गोदामात मिळाली होती. ती साफसूफ करून त्यांनी तिचा एक तुकडा यूट्यूबवर टाकला, आणि त्याखाली साहिलनं लिहिलं होतं की, यातला एक लांडगा माझे बाबा होते. मयुरानं साहिलकडून आईचा नंबर घेतला होता. तिचं म्हणणं असं की, पिक्चरमध्ये कामगार झालेल्या नटांची नावं आहेत, पण लांडग्याच्या कातडीत शिरलेल्या दुसऱ्या चौघांची नावंच नाहीत. शेवटी नुसतं 'और साथी' असं येतं. तिला ती नावं शोधून पिक्चरच्या शेवटी नीट लावायची होती. काकूंनी एकदा पाहून आपला माणूस ओळखून द्यावा, एवढंच तिला हवं होतं.

रविवारी सकाळी मयुरा लॅपटॉप घेऊन आली. पंचफुलानं टेबलावरचा चहा बाजूला केला आणि चष्मा लावला. पहिला अर्धा तास लांडगे आलेच नाहीत. मग एका जिन्यावरून चौघं उतरले. पहिला धिप्पाड होता, दुसरा बुटका. तिसरा शेवटच्या पायरीवर थांबला, त्यानं दोन्ही तळवे मांड्यांवरून खाली पुसले, मान किंचित उजवीकडे टाकली आणि डावी टाच अर्धवट टेकवत रस्त्यावर उतरला.

"हे," पंचफुला म्हणाली. "हेच ते."

मयुरानं विचारलं, नक्की ना? चेहरा तर दिसतच नाही.

"चोवीस वर्षं झाली मले दवाखान्यात. पाठमोरा माणूस चालत असला तरी मी सांगते कोणत्या खाटेचा पेशंट हाय. अन् हा तं माह्या घरचा माणूस."

जेवायला बसताना, जड सोफा उचलताना, कोणाच्या घरी दार वाजवायच्या आधी, बळीराम असेच तळवे पुसायचा. तिनं तो तुकडा चारदा लावायला सांगितला. ती रडली नाही. फक्त पदर दोन्ही हातांनी धरून बसली होती. जाताना मयुरानं सगळा पिक्चर तिच्या मोबाइलमध्ये टाकून दिला आणि कसा लावायचा ते दाखवलं.

त्यानंतर पंचफुलाचं चारनंतरचं आयुष्य बदललं. टीव्ही बंद झाला. दवाखान्यातून आल्यावर ती हातपाय धुवायची, चहा घ्यायची आणि मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून पिक्चर लावायची. सव्वादोन तासांच्या त्या पिक्चरमध्ये तिसरा लांडगा अकरा मिनिटं होता. ती अकरा मिनिटं कुठंकुठं आहेत ते तिला पाठ झालं. बाजाराच्या सीनमध्ये तो आरशाच्या दुकानासमोर थांबतो आणि स्वतःलाच पाहून मागं सरतो, तिथं ती नेहमी पिक्चर थांबवायची. रस्त्यावर एवढी माणसं पळतायत, आणि हा तिथं एकटा. ती त्याच्याशी बोलायलाही लागली. आज तुरीची डाळ लागली बुडाला, असलं काहीतरी. दवाखान्यातल्या प्रीती सिस्टरनं एकदा म्हटलं की मावशी आजकाल बरी दिसते. पंचफुलानं तिला कारण सांगितलं नाही.

महिनाभरानं मयुराचा पुन्हा फोन आला. या वेळी ती अडखळत बोलत होती. पंचफुलानं ओळखून दिल्यावर तिनं नेटवर लिहिलं होतं की तिसरा लांडगा म्हणजे नागपूरचे बळीराम सुखदेवे. त्यावर कामठीच्या हर्षा नंदनवार नावाच्या बाईनं तिला कळवलं की हे चूक आहे. तो तिसरा लांडगा तिचे मोठे सासरे महादेवराव. ते हयात आहेत, आणि शूटिंगच्या वेळी अंगठा मोडला होता त्याची खूण अजून त्यांच्या पायावर आहे. मयुरा म्हणाली, काकू, कदाचित तुमचे मिस्टर दुसरा किंवा चौथा असतील.

पंचफुला म्हणाली की दुसरा बुटका आहे आणि चौथ्याचे खांदे पडलेले आहेत. मग तिनं महादेवरावांचा पत्ता मागितला. मयुरा सोबत येते म्हणाली, पण तिनं नको म्हटलं. तिला राग आला होता. एक तर माणूस गेला, आणि जो उरलाय तोही कोणीतरी उचलून न्यायला निघालंय, असं तिला वाटत होतं.

सुट्टीच्या दिवशी ती इंदोऱ्याहून मेट्रोनं ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत गेली आणि पुढं ऑटोनं कामठीला. हर्षानं दार उघडलं, पाणी दिलं आणि तिला आतल्या खोलीत नेलं. महादेवराव खाटेवर बसून होते. सत्तरीचे, वाळलेले, पण हाडापेरानं अजून उंच. लग्न केलं नव्हतं. पुतण्याच्या घरी राहत होते. पंचफुलानं नाव सांगितलं तसे ते काठी टेकवत उठायला लागले.

"बळीरामची घरवाली? बसा वहिनी, बसा."

ती बसली नाही. तिनं मोबाइल काढला, जिन्याचा सीन लावला आणि त्यांच्यासमोर धरला. हे कोण आहे ते सांगा, म्हणाली. महादेवरावांनी डोळे बारीक करून पाहिलं. मग म्हणाले की आतला माणूस मी आहे. तिनं विचारलं, मग हात पुसते कोण? मान टाकते कोण?

"चाल त्याची हाय वहिनी. तुमचं चुकलं नाही. आत मी होतो, पण चाल बळीरामचीच हाय."

मग पंचफुला बसली, आणि महादेवरावांनी तिला सगळं सांगितलं.

तिसऱ्या लांडग्यासाठी घेतलं होतं ते बळीरामलाच. मुंबईत स्टुडिओच्या अंगणात चालायला लावलं तेव्हा त्याची ती चाल डायरेक्टरला फार आवडली. पण नंतर कातडी घालायची वेळ आली. फोमवर काळा रंगवलेला ताग चिकटवलेला, मागून चेन, आणि वरून रबराचं डोकं. श्वास घ्यायला नाकाशी बोटभर भोक. मे महिना होता. पहिल्या दिवशी डोकं बसवल्याबरोबर बळीराम पाच मिनिटांत ते ओरबाडून काढायला लागला. त्याला वाटायचं आपण मरतो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तो स्वतः म्हणाला की आज करतो, हात बांधा माझे, म्हणजे काढता येणार नाही. बांधले, तर तो आतच बेशुद्ध पडला. चौथ्या दिवशी त्याला सांगितलं की तुझं काम संपलं. महादेवराव तेव्हा गर्दीत पळणाऱ्या माणसांमध्ये होते, उंची सारखीच होती, म्हणून त्यांना आत घातलं. पण डायरेक्टरला चाल बळीरामचीच पाहिजे होती. बळीरामनं त्यांना दोन दिवस ती शिकवली. जिना कसा उतरायचा, टाच कशी टेकवायची, कुठं थांबायचं.

"मी त्याले विचारलं, हात काहून पुसतो गा? तर म्हणे, मले माहीत नाही, पुसतो का मी? तेव्हापासून पुसताना त्याले ध्यानात यायचं अन् तो लाजायचा."

पंचफुलानं विचारलं की मग उरलेले सात-आठ महिने ते तिथं काय करत होते. महादेवराव म्हणाले, कातड्या सांभाळत होता. चौघांच्या कातड्या घामानं भिजायच्या, फाटायच्या. बळीराम त्या उलट्या करून वाळवायचा, वाकड्या सुईनं शिवायचा, तागाचे केस विंचरायचा. शिलाई तो तिथंच शिकला. आणि शूटिंग चालू असताना तो महादेवरावांच्या जवळ उभा राहायचा. कट म्हटलं की सगळ्यात आधी धावत येऊन डोकं काढायचा. बाकीच्या तिघांना वाट पाहावी लागायची, महादेवरावांना कधी नाही. एकदा उडी मारताना त्यांचा अंगठा मोडला, तेव्हाही त्यानं आधी डोकं काढलं आणि मग पायाकडे पाहिलं.

"घरी जा म्हटलं मी त्याले. तर म्हणे, लांडगा होऊन येतो असं सांगून निघालो, आता काय सांगू?"

पंचफुलाच्या मनात एकामागून एक गोष्टी यायला लागल्या. थंडीतही खिडकी उघडी ठेवून झोपणारा बळीराम. तोंडावर पांघरूण न घेणारा. दवाखान्यात डबा द्यायला आला की लिफ्ट सोडून चार मजले चढून येणारा. तिला ते सगळं माहीत होतं आणि तिनं त्याला सवय म्हणून सोडून दिलं होतं. आणि मग तिला एप्रिल आठवला.

"भाऊ, त्याले कोरोना झाला तेव्हा ऑक्सिजनचा मास्क लावला होता," ती म्हणाली. "तो काढून फेकायचा. घडीघडी काढायचा. लहान पोरासारखा. मी पीपीई घालून बाजूले होते. मी रागावले त्याच्यावर. मग मी त्याचे हात धरून ठेवले. दोन रात्री धरून ठेवले. तो माह्याकडं पाहून राहिला होता अन् मले वाटे, ऑक्सिजन कमी झाला, म्हणून वळखत नाही."

तो मास्क काढून चालला असता का, असं महादेवरावांनी विचारलं. ती नाही म्हणाली. काढला असता तर लवकर गेला असता.

"मंग तुम्ही बरोबर केलं."

"बरोबर केलं," पंचफुला म्हणाली. "पण मले माहीत असतं तर रागावले नसते. बोलले असते त्याच्याशी. आता काढतो, थोडं थांब, असं म्हटलं असतं."

हर्षा चहा घेऊन आली, दोघांकडे पाहिलं आणि कप ठेवून गेली. मग महादेवराव म्हणाले की त्या मुलीला सांगा, तिसरा लांडगा बळीरामच. माझं काय, मला विचारणारं कोणी नाही, आणि मला नाव लागलं काय न लागलं काय. हर्षानं हौसेनं लिहिलं, मी तिला ते मागं घ्यायला सांगतो. तुमच्या पोरानं एवढं अभिमानानं लिहिलं आहे.

हो म्हणणं सोपं होतं. संध्याकाळची ती अकरा मिनिटं जशीच्या तशी तिची राहिली असती. पण तीस वर्षं एक माणूस एका खोट्या नावाखाली तिच्या शेजारी झोपला होता आणि त्याला ते सांगता आलं नव्हतं, हे तिला आता कळलं होतं. पुन्हा तेच नाव त्याच्यावर टाकायचं तिच्या जिवावर आलं. ती महादेवरावांना म्हणाली की नाही, जे होतं ते लिहू.

घरी येऊन तिनं साहिलला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शाळेत त्यानं किती पोरांना हे सांगून घाबरवलं होतं, ते तिला माहीत होतं. शेवटी त्यानं विचारलं की मी लिहिलेलं काढून टाकू का. ती म्हणाली, काढू नको, खाली खरं काय ते लिही. मग तो म्हणाला, "आई, मी एकदा बाबांना म्हटलं होतं, तो लांडगा करून दाखवा. त्यांनी मला मारलं होतं. तेवढं एकदाच." तिला हे माहीत नव्हतं. त्या फोनवर ते दोघं जवळजवळ तासभर बोलले. बळीराम गेल्यापासून एवढं बोलले नव्हते.

डिसेंबरात रामदासपेठेतल्या एका छोट्या हॉलमध्ये मयुरानं पिक्चर दाखवला. रविवार, दुपारी चार वाजता. साठ खुर्च्या मांडल्या होत्या, माणसं सतरा आली, त्यातली पाच मयुराचे विद्यार्थी. साहिलला सुट्टी मिळाली नाही. महादेवरावांना हर्षा घेऊन आली आणि तिला लकडगंजात खरेदी होती म्हणून सोडून गेली. ते आणि पंचफुला मागच्या रांगेत बसले. महादेवरावांनी पिक्चर कधीच पूर्ण पाहिला नव्हता. चारही लांडगे टॉवरच्या गच्चीवर मरतात आणि तीन जण पुन्हा माणसं होतात, तिसरा होत नाही, तसाच पडून राहतो, हे पाहून ते पुटपुटले की मला हे आठवतच नाही, आत काही दिसायचं नाही.

शेवटी नावं आली. तिसरा लांडगा : महादेव नंदनवार. खाली एक ओळ सोडून : तिसऱ्याची चाल आणि चौघांच्या कातड्या, बळीराम सुखदेवे. पहिल्या लांडग्याचं नाव मिळालंच नव्हतं, तिथं मयुरानं जागा रिकामी ठेवली होती. नावं दोन-तीन सेकंदच राहिली. पंचफुलाला दुसऱ्यांदा वाचायचं होतं, तोवर पडदा काळा झाला.

दिवे लागल्यावर विद्यार्थी महादेवरावांभोवती जमले. एकानं त्यांच्यासोबत फोटो काढला, एका मुलीनं त्यांना चालून दाखवायला सांगितलं. ते नको नको म्हणत उठले, काठी खुर्चीला टेकवली, दोन्ही तळवे मांड्यांवरून पुसले आणि मान उजवीकडे टाकून चार पावलं चालले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पंचफुला मागच्या रांगेतून पाहत होती. चालणं तेच होतं, आणि चालणारा एक थकलेला, अनोळखी म्हातारा होता. तिला दोन्ही एकाच वेळी दिसत होतं. तिनं त्यांना पाणी नेऊन दिलं, कारण त्यांना दम लागला होता.

त्या दिवसापासून तिनं मोबाइलवर पिक्चर लावणं सोडलं. मुद्दाम ठरवलं नव्हतं. एका संध्याकाळी राहून गेला, मग दुसऱ्या. त्याऐवजी दर रविवारी ती महादेवरावांना फोन करायची. सुरुवातीला ते दर वेळी बळीरामचं काहीतरी नवीन सांगायचे. तो स्टुडिओतल्या कुत्र्याला भात घालायचा. त्याला समुद्र आवडला नव्हता, एवढं पाणी कोणाच्या कामाचं, म्हणायचा. पगाराच्या दिवशी तो नागपूरच्या एसटीडीसाठी दुकानापर्यंत जायचा, आणि शेजाऱ्यांच्या घरचा नंबर न फिरवताच परत यायचा.

फेब्रुवारी संपता संपता महादेवराव एकदा म्हणाले की वहिनी, आता माझ्याजवळचं संपलं. आठ महिन्यांचीच तर सोबत होती. पंचफुला म्हणाली, असू द्या, कुत्र्याचं सांगा. त्यांनी कुत्र्याचं पुन्हा सांगितलं. या वेळी कुत्रा पांढरा होता, मागच्या खेपेला तपकिरी होता. तिनं दुरुस्ती केली नाही. स्पीकर चालू करून तिनं मोबाइल ओट्यावर ठेवला आणि ऐकता ऐकता भाजी चिरायला घेतली.